ग्रॅफाइटच्या कांड्या आणि 12 व्होल्ट: घरच्या टेबलावर आर्कच्या किती जवळ जाता येतं

आर्क म्हणजे दोन कांड्यांच्या टोकांमधली फट ओलांडून सलग वाहणारी, झगझगीत वीज. घरी कार्बनचा आर्क केला असं सांगणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी आर्क केलेलाच नसतो. दोन कांड्यांची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, त्या टेकलेल्या बिंदूपाशी रोध जास्त असतो, तिथं उष्णता साठते आणि टोक पांढरंफेक तापतं. उजेड डोळे दिपवणारा असतो, म्हणून नाव आर्कचं पडतं. यात कमीपणा काही नाही. उलट हा प्रयोग 12 व्होल्टवर होतो, शॉकची भीती जवळपास नसते आणि नीट पाहिलं तर त्यातून आर्कबद्दल पुष्कळ कळतं. अडचण पुढे येते. उजेड पाहून हाव सुटते आणि माणूस घरच्या प्लगकडे वळतो.

म्हणून या लेखाची हद्द आधीच सांगतो. एक 12 व्होल्टची बॅटरी, मालिकेत एक बल्ब आणि एक फ्यूज, बस. टिकणारा खरा आर्क कुठे पाहायचा तेही पुढे आहे, पण ती जागा घराबाहेरची आहे.

प्लग का नाही

इस्त्री, हीटर किंवा मिठाचं पाणी मालिकेत घालून 230 व्होल्टवर आर्क काढण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. मालिकेतला हीटर करंट आवरतो, व्होल्टेज आवरत नाही. टोकं विलग असताना त्यांच्यात पूर्ण 230 व्होल्ट असतात, शिखराला 325. कांडी हातात धरलेली असते आणि ग्रॅफाइट तर उत्तम वाहक. घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. करंट अंगातून जमिनीकडे गळला तरच तो पडतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला असेल तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही एक साधा बल्ब. मायक्रोवेव्हमधून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तर एका वाक्यापेक्षा जास्त लिहिणार नाही: त्याच्या दुय्यम बाजूला दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि त्यानं जगभर हौशी माणसं मारली आहेत.

सामान

बॅटरी यूपीएसमधली सीलबंद लेड-ॲसिड घ्या, 12 व्होल्ट 7 एएच. यूपीएसमधून काढलेली जुनी, पण चार्ज धरणारी बॅटरीही चालते. मोबाइल, लॅपटॉप किंवा ई-बाइकच्या लिथियम बॅटऱ्यांना हात लावू नका. लेड-ॲसिडही काही गरीब गाय नव्हे. तिची दोन टोकं थेट जोडली गेली तर शंभर अँपिअरच्या वर करंट वाहू शकतो, आणि मध्ये अंगठी सापडली तर ती बोटावरच लाल होईल. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट, लांब मंगळसूत्र, सगळं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा.

बल्ब ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणा: गाडीच्या हेडलाइटचा, 12 व्होल्ट 60/55 वॅटचा एच-4, सोबत त्याचा होल्डर. त्याला तीन पाय असतात, सामाईक पाय आणि बाकीच्या दोनांपैकी कोणताही एक वापरा. काचेला बोट लावू नका, हॅलोजन बल्बला बोटाचं तेल सोसत नाही. बल्ब एलईडीचा नको, तारेचाच हवा.

त्याच दुकानात पात्याचा फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळेल. लाल रंगाचा फ्यूज 10 अँपिअरचा, तो घ्या. निळा 15 चा असतो, इथे गरज नाही. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसला पाहिजे, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला राखणारं कोणी नसतं.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, मऊ तारांची. कांड्या धरायला गीझरला लावतात तसले चिनी मातीचे कनेक्टर दोन. पाया म्हणून फरशीचा तुकडा किंवा सिरॅमिक टाइल. मल्टिमीटर साधा चालेल. शिवाय वेल्डिंगची काळी काच, तिच्याबद्दल वेगळं सांगायचं आहे.

कांड्या कुठून आणायच्या

तीन प्रकार सहज मिळतात आणि तिन्हींचा स्वभाव निराळा.

पहिला, पेन्सिलीचं शिसं. हे ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण. एच जितका जास्त तितकी माती जास्त, बी जितका जास्त तितकं ग्रॅफाइट जास्त. लाकडी पेन्सिल फोडत बसू नका. स्टेशनरीच्या दुकानातून पेन पेन्सिलीची 0.5 मिलिमीटरची शिशी आणि ड्रॉइंगच्या क्लच पेन्सिलीचं 2 मिलिमीटरचं शिसं आणा. शक्यतो 2बी. बारीक शिशांत बांधणीसाठी रसायन किंवा मेण असतं, पहिल्यांदा तापताना धूर येतो, घाबरू नका.

दुसरा, सेलमधली कांडी. यासाठी सेल झिंक-कार्बनचा हवा, वेष्टनावर बहुतेकदा ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं. टॉर्चच्या मोठ्या सेलमधून सुमारे 8 मिलिमीटर जाडीची छान कांडी निघते. ‘अल्कलाइन’ लिहिलेला सेल फोडू नका. त्यात कार्बनची कांडी नसतेच, वर आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे भाजून काढतो. हातमोजे आणि चष्मा घाला, वर्तमानपत्र पसरा, वरची टोपी पकडीनं उचका आणि कांडी पिळत पिळत ओढा. आतली काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची. कपड्याला लागली तर डाग जात नाही, आणि ती श्वासात जाऊ देऊ नये म्हणून थोडं पाणी शिंपडून काम करा. कांडी मेणात भिजवलेली असते. बाहेर उघड्यावर, चिमट्यात धरून, गॅसच्या छोट्या ज्योतीवर ती धूर थांबेपर्यंत तापवून घ्या. उरलेला सेल ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

तिसरा, वेल्डिंगच्या दुकानातली गाउजिंग रॉड. ही तांब्याचा मुलामा दिलेली कार्बनची कांडी, लोखंडातली जुनी वेल्डिंग वितळवून उडवण्यासाठी वापरतात. दुकानदार एखाद-दुसरी सुटी देईलही. मुलामा टोकाच्या बोटभर भागावरचाच पॉलिश पेपरनं घासून काढा. बाकीचा राहू द्या, कनेक्टरशी संपर्क त्यामुळे पक्का होतो.

कारखान्यातलं ग्रॅफाइट कसं होतं, तेही सांगतो. पेट्रोलियम कोकची भुकटी कोळशाच्या डांबरात मळतात, दाबून आकार देतात, भाजतात आणि मग वीज सोडून 2600 ते 3000 अंशांवर नेतात, तेव्हा कार्बनचे थर जागेवर बसतात. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत ग्रॅफाइट इंडियाचा असा कारखाना आहे. तिथल्या कांड्या पोलादाच्या भट्ट्यांसाठी, माणसाच्या कवेत न मावणाऱ्या. आपल्या कांड्यांचं गोत्र तेच.

डोळे

आर्कच्या उजेडात अतिनील किरण असतात. आपल्या 12 व्होल्टच्या खेळात ते थोडे असतील, पण तापलेल्या टोकाचा नुसता झगझगाटही डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करायला पुरेसा आहे. वेल्डिंगवाल्यांना डोळ्यात आर्क लागणं म्हणजे काय ते विचारा. त्या वेळी काहीच जाणवत नाही. पाच-सहा तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या पडद्याला उन्हात कातडी भाजते तसंच भाजलेलं असतं.

म्हणून 10 किंवा 11 नंबरची काच घ्या आणि काचेवर नंबर छापलेला आहे ना ते पाहा. बिननंबरची काळी काच स्वस्त असते, पण तिच्यातून अतिनील किती जातं हे कोणालाच सांगता येत नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, यांतलं काहीही चालत नाही. मुलं पाहत असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र काच. ती आळीपाळीनं देण्यात कोणीतरी उघड्या डोळ्यांनी पाहतोच.

याहून चांगला एक मार्ग आहे. जुने संशोधक आर्ककडे थेट न पाहता भिंगानं त्याची प्रतिमा पडद्यावर पाडत आणि तिच्यावर मोजमाप करत. तुम्हीही तसंच करा. टोकांच्या आणि तुमच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा करा. दुसऱ्या बाजूला साधं वाचायचं भिंग टोकांपासून त्याच्या नाभीय अंतराहून थोडं जास्त लांब ठेवा आणि मीटरभरावर पांढरा कागद लावा. खोलीत अंधार केला की कागदावर टोकांचं मोठं, उलटं चित्र उमटतं. कोणतं टोक जास्त तापलंय, कडा कशी झिजतेय, सगळं दिसतं, आणि चारजणांना एकदम दिसतं. काच आणि प्रतिमा यांत निवड करायची तर मी प्रतिमाच निवडेन.

जोडणी

बॅटरीचं अधिक, फ्यूज, बल्ब, पहिला कनेक्टर, पहिली कांडी, फट, दुसरी कांडी, दुसरा कनेक्टर, बॅटरीचं उणे. बॅटरीची शेवटची वायर सगळं तपासून झाल्यावरच लावायची, आणि काम थांबलं की पहिल्यांदा तीच काढायची.

बल्ब इथं दोन कामं करतो. एक म्हणजे करंट साडेचार-पाच अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. आर्कला अशा लगामाची गरजच असते, कारण त्याचा स्वभाव उफराटा: करंट वाढला की त्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज कमी होतं, म्हणून करंट आणखी वाढतो. मध्ये काही नसेल तर तो फ्यूज उडेपर्यंत वाढतच जाईल. दुसरं काम मला जास्त आवडतं. बल्ब हाच तुमचा मीटर. विझलेला असेल तर टोकं सुटलेली आहेत. पूर्ण पेटला तर टोकं घट्ट टेकली आहेत आणि सगळी शक्ती बल्बच खातोय. मधला, पिवळसर मंद उजेड म्हणजे शक्ती टोकांपाशी खर्च होतेय. आपल्याला हवी ती हीच स्थिती. सगळा वेळ बल्बकडे पाहत कांडी हलवायला शिका, टोकांकडे पाहायची गरजच पडत नाही.

कांडी हातानं पुढेमागे करून जमत नाही, हात थरथरतो. एक कनेक्टर टाइलला पक्का चिकटवा. दुसरा लाकडाच्या ठोकळ्यावर बसवा आणि ठोकळा दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत सरकू द्या. मागून 6 मिलिमीटरचा बोल्ट, नटमधून फिरत, ठोकळ्याला ढकलेल असं करा, आणि ठोकळा मागे यावा म्हणून रबरबँड लावा. या बोल्टच्या आट्यांतलं अंतर सहसा 1 मिलिमीटर असतं. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर.

आधी शिसं पेटवा

सुरुवात 0.5 च्या शिशानं. मल्टिमीटरनं त्याचा रोध मोजा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा, बहुधा अर्ध्या ओहमच्या आत, वजा करा. 6 सेंटिमीटरच्या शिशाचा रोध काही ओहम भरतो, कंपनी आणि ग्रेडनुसार बराच बदलतो. आता ते दोन कनेक्टरांत आडवं धरा. स्क्रू थेट शिशावर आवळला तर ते मोडतंच. टोकांना स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची चार घड्यांची पट्टी गुंडाळा आणि मग हलक्या हातानं आवळा.

शेवटची वायर लावा. आधी धूर, मग मधोमध गडद लाल, आणि काही सेकंदांत नारिंगी. टोकं काळीच राहतात, कारण पितळेचे कनेक्टर तिथली उष्णता ओढून घेतात. शिसं संपलं की दुसरं लावा, यावेळी मोकळी लांबी निम्मी ठेवा. रोध निम्मा, करंट जास्त, आणि उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही निम्माच. नारिंगीचा पिवळा होतो, जवळजवळ पांढरा. तापमान रंगावरून वाचायची सवय इथेच लागते. लोहारकामात आणि भट्टीवर हेच डोळे लागतात.

काही वेळात शिसं मधेच बारीक होऊन तुटतं. ते वितळत नाही. साध्या हवेच्या दाबाला कार्बन वितळतच नाही, फार तापला तर थेट वायू होतो, तेही साडेतीन हजार अंशांच्या पुढे. आपलं शिसं हवेतल्या ऑक्सिजननं जळून झिजलेलं असतं. तुटताना त्या फटीत टचकन एक निळसर ठिणगी दिसते. फक्त ती क्षणभराची ठिणगी खऱ्या आर्कच्या जातीची.

टेकवा, सोडा

आता क्लच पेन्सिलीचं 2 मिलिमीटरचं शिसं सरकत्या कनेक्टरात, टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं. समोर सेलमधली जाड कांडी. बोल्ट फिरवत टोक जवळ आणा. टेकताच बल्ब पेटेल. पूर्ण उजळला तर पाव फेरा मागे, दाब कमी करा. बल्ब मंदावतो आणि कागदावरच्या प्रतिमेत टोक पांढरं होतं. टोक जळून आखूड होत राहतं, म्हणून दर थोड्या वेळानं बोल्ट किंचित पुढे. लय जमली की उजेड मिनिटभर टिकवता येतो.

जाड कांडीला जाड कांडी टेकवून हे होत नाही, आणि लोक इथेच निराश होऊन मोठ्या व्होल्टेजकडे जातात. कारण साधं आहे. आपल्या बल्बमधून टोकांना मिळणारी शक्ती जास्तीत जास्त वीसेक वॅट, आणि 8 मिलिमीटरची कांडी ती उष्णता मागे वाहून नेते. टोक बारीक करा, व्होल्टेज वाढवू नका.

या टेकलेल्या तप्त बिंदूला कमी लेखू नका. 1990 मध्ये वुल्फगँग क्रॅचमर आणि डॉनल्ड हफमन यांच्या गटानं हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्या तापवून त्यांच्या काजळीतून 60 कार्बन अणूंचे चेंडू, म्हणजे फुलरीन, ग्रॅमच्या मापात वेगळे केले. तोवर ते नावापुरतेच मिळत होते. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सुमियो इजिमांना आर्कच्या ऋण टोकावर साठलेल्या कार्बनमध्ये नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, दिसल्या. आपल्या उघड्या टेबलावर यातलं काही उरत नाही, हवेत सगळं जळून जातं. पण ऋण कांडीचं टोक भिंगाखाली पाहाच, कधीकधी तिथं एक टणक, राखाडी टेंगूळ चढलेलं असतं.

सोबत दोन गमती. एक, जुना रेडिओ मीडियम वेव्हवर लावून शेजारी ठेवा, टोकं सुटताना होणारी प्रत्येक ठिणगी त्यात कडकडते. 1900 च्या सुमारास विल्यम डडेल यांनी आर्कला कॉइल आणि कपॅसिटर जोडून त्यातून सूर काढले होते, आणि काही वर्षांतच वाल्डेमार पोलसेन यांनी तोच धागा पकडून आर्कवर चालणारे रेडिओ प्रक्षेपक केले. दुसरी, जुन्या सीडीच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला टोकाचा उजेड पाहा, तोही आडोशाला पाडलेल्या बारीक फटीतून आलेला. तप्त घनपदार्थाचा वर्णपट अखंड, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग. टोकाला मिठाचा एक कण लावला तर त्या सलग पट्ट्यावर पिवळी रेघ उठून दिसते, सोडियमची. कण लावायच्या आधीच ती दिसली तर बोटांच्या घामाचं मीठ आहे.

मग खरा आर्क कुठे अडतो?

टेकलेलं टोक अर्धा मिलिमीटर मागे घ्या. विझतं. दर वेळी विझतं. याचं उत्तर हर्था आयर्टन या इंग्रज संशोधिकेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आकड्यांत मांडलं. कार्बनच्या आर्कला लागणारं व्होल्टेज फटीची लांबी आणि करंट यांवर कसं अवलंबून असतं याचं समीकरण त्यांनी दिलं, आणि त्यानुसार फट शून्य व करंट भरपूर धरला तरी सुमारे 39 व्होल्ट लागतात. ही टोकांपाशीच भरावी लागणारी पट्टी. वर फटीच्या प्रत्येक मिलिमीटरला दोनेक व्होल्ट. करंट कमी असेल तर मागणी आणखी वाढते. 12 व्होल्ट, त्यातही अर्धे बल्बनं खाल्लेले, कुठं पुरणार?

हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कोळशाच्या टोकांतून इंचा-इंचाचा आर्क दाखवला, त्यामागे धातूच्या पट्ट्यांच्या दोन हजार जोड्यांची बॅटरी होती. वासिली पेत्रोव यांनी त्याआधी, 1802 मध्ये, सेंट पीटर्सबर्गला केलेल्या प्रयोगांतही धातूच्या चकत्यांच्या दोन हजारांवर जोड्या होत्या.

‘मग चार बॅटऱ्या मालिकेत लावू’ हा विचार आता तुमच्या मनात आला असेल. नका. 48 व्होल्टला शॉक सहसा मारत नाही हे खरं, पण टिकणारा आर्क पाच-दहा अँपिअर मागतो, म्हणजे काही शे वॅट एका दाण्याएवढ्या जागेत. अतिनील भरपूर, उडणारे तप्त कण, टाइलला तडे, कार्बन मोनॉक्साइड, आणि बॅटऱ्यांच्या अशा रांगेत एक चुकलेला जोड. घराच्या टेबलाची ती कुवत नाही.

वेल्डिंगच्या वर्कशॉपची आहे. जिथं जड फॅब्रिकेशन चालतं, तिथं विचारा गाउजिंग कधी करणार आहात. काम चालू असताना हेल्मेटमागून, अंगभर सुती कपडे घालून, कारागीर सांगेल तितक्या अंतरावरून पाहा. गाउजिंगमध्ये हवेचा झोतही असतो, आवाज प्रचंड होतो, कानात बोळे घाला. झोत बंद करून नुसता आर्क धरून दाखवायला कोणी तयार झाला तर नशीब. डीसीवर चालणाऱ्या साध्या कार्बन आर्कमध्ये अधिक टोकाला खळगा पडतो आणि बहुतेक उजेड त्या खळग्यातूनच येतो, मधल्या जांभळट ज्योतीतून नव्हे. अधिक कांडी उणेच्या जवळपास दुप्पट वेगानं झिजते. फट वाढत जाते, कांड्या सतत पुढे साराव्या लागतात. टूरिंग टॉकीजच्या तंबूत आणि पुढे गावोगावच्या थिएटरांत प्रोजेक्टरवाला काळ्या काचेतून डोकावत हेच करायचा. त्याचं लक्ष हललं की पडदा पिवळा पडायचा आणि पिटातून शिट्ट्या सुरू. झेनॉन दिवे आले तेव्हा त्याची यातून सुटका झाली.

कांड्या सारायची ही कटकट पावेल याब्लोचकोव यांनी 1876 मध्ये वेगळ्याच रीतीनं मोडली: दोन कांड्या समोरासमोर न ठेवता शेजारी उभ्या केल्या, मध्ये न वाहणाऱ्या मातीचा थर, आणि वीज एसी, म्हणजे दोन्ही सारख्या झिजतात. माती सोबतच जळत जाते, फट कायम तेवढीच. काही वर्षं पॅरिसचे रस्ते त्यांच्या या ‘मेणबत्त्यां’नी उजळले होते.

त्याच कांड्या पाण्यात

आर्क नको असेल, किंवा मुलं लहान असतील, तर सेलमधल्या दोन कांड्या पाण्याच्या अपघटनाला, म्हणजे वीज सोडून त्यातले वायू वेगळे करायला, वापरा. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा. खायचा सोडाही चालेल, जरा मंद. दोन कांड्या दोन बोटांच्या अंतरावर उभ्या करा, तांब्याची वायर पाण्याच्या वरच राहू द्या, नाहीतर पाणी निळंहिरवं होईल आणि प्रयोग तांब्याचाच ठरेल. 9 व्होल्टचा चौकोनी सेल पुरे.

ऋणाग्रावर हायड्रोजनचे बारीक, भरभर सुटणारे बुडबुडे. धनाग्रावर ऑक्सिजन, कमी आणि जरा मोठे. पुस्तकातलं दोनास एक प्रमाण ग्रॅफाइटवर मोजायला गेलात तर धनाग्राची बाजू भरत नाही, कारण थोडा ऑक्सिजन कांडीच्याच कार्बनला खातो. तासाभरानं पाणी करडं होतं आणि धनाग्र बोटाला खडबडीत लागतं. शाळेच्या उपकरणात प्लॅटिनम का असतं ते इथं दिसतं.

सोड्याऐवजी मीठ टाकू नका. मिठाच्या पाण्यातून धनाग्रावर क्लोरीन सुटतो, ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएलचा वास ओळखीचा असेल तर लगेच कळेल. बंद खोलीत तो छातीला त्रासदायक. पेल्यावर झाकण ठेवू नका आणि दोन्ही वायू एकाच बाटलीत गोळा करू नका, ते मिश्रण ठिणगीनं फुटतं.

आवरताना

सगळं काम खिडक्या उघड्या ठेवून, पंखा बंद ठेवून करा. पंख्याच्या वाऱ्यात टोक टिकत नाही आणि राख उडते. शेजारी कोरड्या वाळूची बादली असू द्या. सिंथेटिक कपडे, पडदे आणि सॅनिटायझर लांब. विझलेली कांडी काळी दिसते तरी दोन-तीन मिनिटं भाजण्याइतकी तप्त असते, ती टाइलवरच थंड होऊ द्या.

ग्रॅफाइटची धूळ वाहक आहे. ती झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि लॅपटॉप किंवा एक्स्टेन्शन बोर्ड त्या टेबलावर ठेवूच नका. सोड्याचं पाणी मोरीत ओता. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती त्याच दिवशी चार्जिंगला लावा, लेड-ॲसिड उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते. चार्जिंग बंद कपाटात नको.